न चावलेल्या कुत्र्याची इंजेक्शनं

नानासोंचा उजवा घोटा दुपारी साडेतीनला मुरगळला आणि पावणेचारला ते स्वतःच्या घरात पलंगावर आडवे होऊन छताकडे बघत होते. मधल्या पंधरा मिनिटांत काय झालं, ते बायकोला काय म्हणून सांगायचं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. घोटा दुखत होताच. पण घोट्याचं काय, तो आज ना उद्या बरा होतो. बनुबाईंच्या डोक्यात एकदा शंका शिरली की तिच्यावर अजून कुठल्या कंपनीनं मलम काढलेलं नाही.

खरं सांगायची सोयच नव्हती. खरं हे होतं, की नानासो धाकट्या भावाच्या, मानसिंगच्या घरी साखरेचा चहा पीत बसले होते. आता भावाकडे चहा पिणं हा काय गुन्हा आहे का, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. नऊ वर्षांपूर्वी मानसिंग मिलिटरीतून सुटून आला, गावाच्या कडेला त्यानं घर बांधलं आणि वास्तुशांतीची पत्रिका छापली. पत्रिकेत खाली 'आपले नम्र' म्हणून जी नावं होती, त्यांत मानसिंगच्या मेव्हण्याचं नाव वर आणि सख्ख्या थोरल्या भावाचं, म्हणजे नानासोंचं, त्याच्या खाली. चूक छापखान्याची होती. पण नानासोंनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं काढलेली. एकदा आकडा पडला की पडला, मग गाडीवान पाया पडू दे नाहीतर रडू दे. त्यांनी भर चौकात पत्रिका फाडली आणि जाहीर केलं, "ह्या घराची पायरी मी चढणार न्हाई, आन् माज्या घरातलंबी कुणी चढणार न्हाई!"

बनुबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. त्या फारशा कधी बोलतच नसत, आणि नानासो त्यालाच होकार समजत.

पुढं सात वर्षं सगळं सुरळीत, म्हणजे बंद, चाललं. मग नानासोंच्या रक्तात साखर निघाली आणि बनुबाईंनी घरातला साखरेचा डबा कुलपात टाकला. चौतीस वर्षं ज्या माणसाच्या डोळ्यांसमोरनं उसाच्या गाड्या गेल्या, त्याच्या कपात साखरेचा दाणा पडेना. अशाच एका दुपारी नानासो मानसिंगच्या परड्यामागच्या वाटेनं चालले होते. मागच्या दारातून आल्याचा वास आला, आणि पाठोपाठ आवाज.

"दादा, चा घ्येतो का?"

नानासो थबकले. त्यांनी मनाशी काटा केला. शपथ पायरी चढण्याची होती. मागच्या दाराला एकच दगडी पायरी होती. ती चढायची नाही, लांब टांग टाकून सरळ ओलांडायची. ओलांडणं म्हणजे चढणं नव्हे. त्यांनी टांग टाकली आणि आत जाऊन बसले. तेव्हापासून दोन वर्षं रोज दुपारी तीन ते चार, बनुबाई महिला मंडळाच्या भजनाला गेल्या की, नानासो 'झोपायचे', आणि ती झोप मानसिंगच्या स्वयंपाकघरात घ्यायचे.

त्या बुधवारी कप निम्म्यावर आला होता. पुढचं फाटक वाजलं. मानसिंगनं खिडकीतून डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा, पळ!"

"कोण हाय?"

"पळ म्हंतो न्हवं!"

नानासो पळाले. वय त्रेसष्ट. घाईत टांग अपुरी पडली, दोन वर्षं ज्या पायरीला पाय लागू दिला नव्हता तिच्याच कडेवर टाच पडली आणि घोटा आतल्या बाजूला वळला. मागं धप्प आवाज झाला. तशातच उठून ते मानसिंगच्या कुंपणाच्या काटेरी तारेतून वाकून निघाले, तेव्हा तारेचे दोन काटे नेमके त्याच घोट्यात घुसले. नशीब म्हणतात ते हेच.

बनुबाई घरात आल्या तेव्हा त्यांनाही जरा दम लागला होता. सकाळपासून सापडत नसलेला चष्मा आता त्यांच्या नाकावर होता. यातलं काहीच नानासोंच्या ध्यानात आलं नाही; ते स्वतःच्याच विचारात होते.

"आवं, पायाला काय झालं ह्ये?"

"मुरगळला."

"कुटं?"

"वाटंवर."

"कुटल्या वाटंवर? तुमी तर झोपला हुता."

नानासोंनी डोळे मिटले. बनुबाई पलंगाच्या कडेला बसल्या, लेंग्यावरचा एक तांबूस केस त्यांनी चिमटीत उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "आन् ह्यो केस कुणाचा?"

बुडणाऱ्या माणसाला तो केसच हाताला लागला. "कुत्र्याचा!" नानासो उठून बसले. "कुत्रं लागलं मागं. म्हणून पळालो, म्हणून पडलो." असं सलग उत्तर तयार झाल्याचा त्यांना क्षणभर आनंदच झाला.

"कुणाचं कुत्रं?"

तांबडं कुत्रं अख्ख्या गावात एकच होतं. "त्या घरचं," नानासो म्हणाले. "मेजर."

मेजर हे मानसिंगच्या कुत्र्याचं नाव. मानसिंग हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. बावीस वर्षं ज्यांना सलाम ठोकला त्यांच्यातल्या एकाला तरी आयुष्यात 'मेजर, बस!' म्हणता यावं, म्हणून त्यानं हे नाव ठेवलं होतं. मेजर बसायचाही. आणि रोज दुपारी तीनला नानासोंच्या मांडीवर डोकं ठेवून, चहात बुडवलेलं बिस्कीट खायचा. केस तिथलाच होता.

"मेजर?" बनुबाई एकदम म्हणाल्या. "आवं, मेजर कवा कुणाच्या अंगावर..." आणि थांबल्या.

"तुला काय म्हाईत?"

"मला काय म्हाईत असणार? लोक म्हणत्यात, गरीब हाय म्हणून." त्यांनी घाईघाईनं मान खाली घातली आणि मान खाली घातल्यामुळंच त्यांना घोट्यावरच्या दोन खुणा दिसल्या. शेजारी शेजारी, रक्त आलेल्या. "आगं बया! ह्ये दात हायती का?"

तार म्हणावी, तर काटेरी तार गावाच्या त्या टोकाला फक्त मानसिंगच्या परड्याला. नानासो गप्प बसले. आणि त्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार, हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता.

पुढच्या अर्ध्या तासात गोष्टी नानासोंच्या हातून सुटल्या. बनुबाईंनी पुण्याला धैर्यशीलला फोन लावला, पोरगा तिकडून ओरडला, "आई, एक मिनिट थांबू नका, रेबीज झाला तर औषध नसतं!" मग आरोग्य खात्याची आशाताई, पिंकी, आली. पिंकी म्हणजे कामाला पक्की बाई. तिनं काही विचारायच्या आत साबण मागितला.

"नाना, जखम पंधरा मिन्टं वाहत्या पाण्याखाली धुवायची. नियम हाय."

"आगं, पाय मुरगळलाय!"

"मुरगळलेल्याला येगळा नियम न्हाई."

तिनं घड्याळ लावून पंधरा मिनिटं तो सुजलेला घोटा नळाखाली चोळला. आणि मग बनुबाई, पिंकी आणि नानासो अशी टमटम सरकारी दवाखान्याकडे निघाली. वाटेत नानासोंचा एक हात घोट्यावर होता आणि दुसरा पोटावर. कुत्रं चावल्यावर बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं देतात, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं.

"पोटात आता देत नाहीत आजोबा," डॉक्टर शिवांजली म्हणाल्या. तरुण पोरगी, बोलायला गोड. नानासोंनी सुटकेचा श्वास सोडला. "दंडात देतो. पाच तारखा. आज पहिलं."

"दंडात काय, द्या की," नानासो म्हणाले.

"आणि आज एक सीरम. ते मात्र जखमेतच द्यावं लागतं. जिथं दात लागलेत तिथं."

नानासोंनी घोट्याकडे बघितलं. मघाशी तो मेथीच्या लाडवाएवढा होता, आता चांगला नारळाएवढा झाला होता. "हितं?"

"दोन दात आहेत ना? मग दोन्हीकडं थोडं थोडं." डॉक्टरांनी औषध भरलं आणि सुई उजेडात धरली. मग त्या थांबल्या. "कुत्रा नक्की चावला आहे ना? नुसता धावला असेल, तर याची काही गरज नाही. विचार करून सांगा."

सुटकेचं दार असं उघडून कुणी कधी दिलं नसेल. नानासोंनी तोंड उघडलं. पण उशाशी बनुबाई उभ्या होत्या, आणि चष्म्यातून टक लावून त्यांच्याकडेच बघत होत्या. का कोण जाणे, त्यांनाही हे उत्तर फार हवं असल्यासारखं दिसत होतं. नानासोंनी सुईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा सुईकडे बघितलं. सुई बारीक होती.

"चावला," ते म्हणाले.

सुई आत गेली आणि नानासोंना आपली चूक कळली. आधीच ताणलेल्या शिरा, वर सूज, आणि त्यात ते औषध वितळलेल्या शिशासारखं पसरत चाललेलं. "न्हाई! न्हाई! न्हाई!" त्यांनी पलंग हादरवला.

"काय नाही?" डॉक्टरांनी हात थांबवला.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नानासोंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "न्हाई... दुखत न्हाई," ते म्हणाले.

"शाब्बास. मग दुसऱ्या दाताला घेऊ."

त्याच संध्याकाळी रहिमतपूरला फोटो काढला. हाड शाबूत होतं, शिरा ताणल्या होत्या. तीन आठवडे पाय टेकायचा नाही, असं ठरलं. दवाखान्यातून निघताना डॉक्टर शिवांजलींनी पिंकीला बजावलं होतं, "कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. खातोय का, पितोय का, रोज बघायचं. बांधून ठेवायला सांगा."

पिंकी दुसऱ्या दिवशी सकाळीच मानसिंगच्या दारात हजर झाली. मानसिंग तांब्या हातात घेऊन उभाच राहिला.

"आमचा मेजर? दादाला? आगं, त्यो तर दादाच्या..." बायकोनं, क्रांतीनं, कोपर मारलं. "...दादाच्या वाऱ्यालाबी उबा ऱ्हात न्हाई," त्यानं वाक्य पुरं केलं.

"तसं लिवून घेते," पिंकी म्हणाली. "पर बांधा."

मेजर बांधला गेला. आणि इकडे नानासोंच्या घरी माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात बिस्किटाचा पुडा आणि तोंडात प्रश्न पाहिजेच. "कुटनं धरला?", "सोडवला कुणी?", "मानसिंग कुटं हुता तवा?" नानासो एकच सांगायचे, की कुत्रं आलं आणि मी पडलो. पण शुक्रवारपर्यंत मेजर फाटकावरून उडी मारून आला होता, आणि शनिवारी, दुसऱ्या इंजेक्शनापर्यंत, मानसिंगनं त्याला भावाच्या अंगावर सोडलं होतं. 'नऊ वर्सं मनात ठेवलं बगा,' असं लोक एकमेकांना सांगत होते. नानासोंना पुड्यामागून पुडे मिळत होते आणि साखर असलेलं एकही बिस्कीट बनुबाई तोंडात पडू देत नव्हत्या.

मानसिंगचा नंबर नानासोंच्या फोनमध्ये 'खतवाला' म्हणून होता. तो दिवसातून आठ वेळा वाजायचा, आणि फोन नेमका बनुबाईंच्या हाताशी.

"खतवाल्याचा हाय. घ्येता का?"

"नंतर करतो म्हणावं."

"पायाला मार लागल्यावर खत कशाला लागतंय तुमाला?"

नानासो भिंतीकडे तोंड करायचे. मौज म्हणजे बनुबाईंनाही त्या आठवड्यात सारखे गॅसवालीचे फोन येत होते, आणि त्याही "मागनं बोलते" म्हणून ठेवून देत होत्या. एका सिलिंडरसाठी बाई इतकी का मागं लागलीय, असा विचार नानासोंच्या मनात आला होता. पण घोटा ठणकला आणि तो विचार राहूनच गेला.

रविवारी पिंकी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं.

"मेजरनं खाणं सोडलंय."

नानासो उशीवरून उठले. "कवापासनं?"

"गुरवारपासनं. भाकरी तशीच पडती. तोंडातनं लाळ गळतीया. मागल्या दाराकडं बगत बसतो आन् तीन वाजलं की इवळतो. लय वंगाळ इवळतो, नाना."

तीन वाजता तो कशासाठी रडतो, हे गावात दोनतीन माणसांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक इथं पाय वर करून पडला होता.

"आन् सकाळी अकरालाबी तसंच," पिंकी म्हणाली.

स्वयंपाकघरात बनुबाईंच्या हातून पातेलं पडलं.

"अकराला?" नानासो गोंधळले. तीनचं समजण्यासारखं होतं. पण सकाळी अकराला तर ते रोज सोसायटीत पेपर वाचायला जायचे. मेजरचा आणि त्या वेळेचा काही संबंधच नव्हता. "अकराला कशापायी इवळंल?"

"रोगच त्यो. त्याला काय येळ असती?" पिंकी म्हणाली.

संध्याकाळी ग्रामपंचायतीचे मेंबर लालासाहेब बिस्किटाचा पुडा घेऊन आले. "नाना, काळजी करू नगा. पिसाळलंच हाय ते. बुधवारी सकाळी आवरून टाकतो."

"आवरून म्हंजी?"

"आवरून म्हंजी आवरून. गावात बारकी पोरं हायती."

लालासाहेब पुडा ठेवून गेले. नानासोंना भाकरी गेली नाही. बनुबाईंनी तर ताटच वाढून घेतलं नाही. बऱ्याच वेळानं नानासो म्हणाले, "मारत्यात काय गं त्याला खरंच?"

"मारू द्यात की," बनुबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तुमाला चावलाय न्हवं?"

नानासोंनी चादरीचं टोक ओढून घेतलं.

"का न्हाई चावला?" बनुबाई वळल्या. त्यांचे डोळे लाल होते. चुलीचा धूर म्हणावा, तर घरात गॅस होता.

"चावला," नानासो पुटपुटले.

"मग!"

सोमवार, मंगळवार नानासोंनी नुसते तळमळत काढले. खरं बोलावं तर नऊ वर्षांची शपथ, दोन वर्षांचा चहा, आणि बायकोसमोर उरलेली सगळी अब्रू एका दमात जायची. न बोलावं तर मेजर जायचा. शिवाय भाऊही जायचाच, कारण कुत्र्याला मारून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात कुठल्या तोंडानं जाऊन बसणार? मेजरचं ते चहाकडे बघत मान वाकडी करणं त्यांना डोळे मिटले तरी दिसत होतं. आपण इतके नालायक कधी झालो, याचा त्यांना काही केल्या हिशेब लागेना.

बुधवारी तिसरं इंजेक्शन होतं. टमटम सकाळी दहाला निघाली. दवाखान्याचा रस्ता मानसिंगच्या घरावरूनच जात होता. फाटकाशी दहाबारा माणसं जमलेली, चौघांच्या हातांत काठ्या. आत आंब्याच्या बुंध्याला मेजर बांधलेला, बरगड्या दिसायला लागलेल्या. त्याच्यापुढे मानसिंग जुनी मिलिटरीची जर्सी घालून, दोन्ही हात पसरून उभा होता.

"थांबव रं!" नानासो ओरडले.

"थांबव!" बनुबाईही त्याच क्षणी ओरडल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विचारायला वेळ नव्हता. नानासो कुबडी टेकत उतरले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा पुढच्या फाटकातून आत शिरले.

"नाना, तुमी म्होरं येऊ नगा," लालासाहेबांनी हात आडवा केला.

मानसिंगनं भावाकडे बघितलं. बावीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाचा आवाज कापत होता. "दादा, मी कुणाला कायबी बोललो न्हाई. बोलणारबी न्हाई. पर आता तूच सांग. चावला का मेजर तुला?"

सगळं अंगण नानासोंकडे बघू लागलं. मागून बनुबाईंच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे त्याही उतरल्या होत्या.

"न्हाई!" नानासो ओरडले. "न्हाई चावला! खोटं बोललो मी! त्याच्या केसाला हात लावायचा न्हाई कुणी!"

त्यांचा आवाज ऐकायचा अवकाश, मेजरनं असा हिसडा मारला की दोर पकडायला गेलेल्या मानसिंगच्या तळव्याची सालं निघाली. कुत्रं सुटलं. माणसं काठ्या टाकून गोठ्याकडे पळाली. त्यात लालासाहेब सगळ्यांत पुढे होते. मेजर नानासोंच्या पायांशी कोसळला, घोट्यावरची पट्टी त्यानं दातांनी ओढून बाजूला केली आणि दोन्ही खुणा मन लावून चाटायला लागला. चाटून झाल्यावर बसला, मान वाकडी केली आणि नानासोंच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघू लागला. खिशात बिस्किटाचा पुडा होता.

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. नानासोंनी मान खाली घातली. "तार लागली हुती. ह्याच्या मागल्या दारानं पळताना."

"पळत कशापायी हुता?" गोठ्यातून लालासाहेबांनी विचारलं.

"चा पिऊन." मग ते बायकोकडे न बघता म्हणाले, "साखरंचा. दोन वर्सं झाली. रोज. आता तू काय बोलायचं ते बोल."

ते वाट बघत राहिले. नानासोंनी डोळे वर केले. मेजर त्यांना सोडून बनुबाईंकडे गेला होता, त्यांच्या पदराआडच्या कापडी पिशवीत तोंड खुपसत होता, आणि बनुबाईंच्या हातावर, विळीनं कापलेल्या बोटावर जीभ फिरवत होता.

"मेजर, बस!" बनुबाई म्हणाल्या.

मेजर बसला. बनुबाईंनी पिशवीतून भाकरीचा गूळ लावलेला तुकडा काढून त्याला घातला. सात दिवस न जेवलेल्या कुत्र्यानं तो एका घासात गिळला. आपण काय केलं, हे मग बनुबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पिशवी पाठीमागे धरली.

"ह्याला तुजी वळख कशी गं?" नानासोंनी विचारलं. आणि मग त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजाडलं. "अकरा वाजता!"

"भावजी, आता दोघंबी एकदमच आत या," दारातून क्रांती म्हणाली. तिनं कपाळाला हात लावला होता. "सकाळी अकराला आक्का, दुपारी तीनला तुमी. एकाला दुसऱ्याचं कळू द्यायचं न्हाई. दोन वर्सं आमी दोघं घर सोडून एका लग्नाला गेलो न्हाई."

"तू कवापासनं येतीस?" नानासोंनी बायकोला विचारलं.

"वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासनं," बनुबाई शांतपणे म्हणाल्या. "पर पायरी न्हाई चढले हं कदी. तुमचा शबूद. मागल्या दाराची वलांडून जाते."

नानासोंनी मागल्या दाराच्या दिशेनं बघितलं. इतकी वर्षं ही आपल्याहून आधी टांग टाकते आहे! "आन् त्या दिवशी फाटक कुणी वाजवलं?"

"मीच. चष्मा इसरला हुता. मागं धप्प झालं, तर क्रांती म्हणली, मांजर हाय."

"मांजर!" नानासोंना हे जास्त लागलं.

त्या सकाळी चौघांनी चहा घेतला. नानासोंना पुढच्या पायरीवरून मानसिंगनं धरून वर नेलं. चहात साखर मात्र पडली नाही. बनुबाई समोरच बसल्या होत्या. मग सगळेच मिळून दवाखान्यात गेले, कारण तारीख तर तारीखच होती, आणि आपलं आता सुटलं, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायची नानासोंना घाई झाली होती.

"म्हणजे कुत्रा चावलाच नव्हता?" डॉक्टर शिवांजलींनी पेन खाली ठेवलं. "मग ते सीरम का घेतलंत, आजोबा?"

"चुकलंच. पर आता ह्यातनं नाव काडा आमचं. बगा, किती गरीब हाय. आज आमच्या पायाला चाटत बसला हुता."

"पायाला? कुठं?"

नानासोंनी कौतुकानं दोन्ही खुणा दाखवल्या. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "उघड्या जखमेवर चाटलं? आणि सात दिवस खात नव्हता म्हणता? कुत्र्याला लस दिलेली आहे का?"

"टोचलीया की गेल्या साली," मानसिंग म्हणाला. "कागद तेवढा घावंना."

"कागद नाही तर लस नाही. राहिलेली तिन्ही इंजेक्शनं घ्यायची, आजोबा. आणखी कुणाच्या जखमेला त्याची लाळ लागली?"

बनुबाईंनी कापलेलं बोट पदरात लपवलं. पिंकीनं ते पदरातून बाहेर काढून दाखवलं. चहाच्या वेळी मेजरनं चाटलेला सोललेला तळवा मानसिंगनं आपण होऊन पुढे केला, शिस्तीचा माणूस.

"तिघं," डॉक्टर म्हणाल्या. नर्सबाईंनी रजिस्टर उघडलं. "नावं सांगा."

मानसिंग टाचा जुळवून उभा राहिला. "बाई, पयलं नाव माज्या थोरल्या भावाचं लिवा. सगळ्यांच्या वर. नानासो. त्याच्या खाली वैनी. त्याच्या खाली मी."

नानासोंना भरून आलं. नऊ वर्षं. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि रजिस्टरात डोकावून बघितलं. खरंच, पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात, त्यांचंच नाव होतं. तेवढ्यात नर्सबाईंनी तीन सुया ओळीनं मांडल्या, पहिली उचलली आणि पहिल्या नावावर बोट ठेवून हाक मारली.

"मानसिंग," नानासो हळूच म्हणाले, "तुजं मेव्हणं कुटं असत्यात रं सध्या? त्यांचं नाव वर घाटलं तरी माझं काय म्हणणं न्हाई."

"न्हाई दादा," मानसिंगनं त्यांची बाही स्वतःच्या हातानं वर केली. "एकदा चूक झाली. आता परत व्हायची न्हाई."